खालच्या घरात ओल: अख्खं न्हाणीघर फोडायचं का?

तिसऱ्यामजल्यावरून

नमस्कार. जरा लांब लिहिते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणालाच नीट उत्तर देता येणार नाही.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. इमारत १९८७ सालची, चार मजली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. जूनपासून आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या काका-काकूंच्या न्हाणीघराच्या छताला ओल येते आहे. आधी पावसाची असेल असं आम्हीही समजलो आणि तेही. पण पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, तरी ओल तशीच. आता ती न्हाणीघरातून बाहेर पॅसेजमध्ये आली आहे आणि तिथे त्यांचं देवघर आहे. काकू रोज सकाळी पूजेला बसण्याआधी समईभोवती पडलेले चुन्याचे पोपडे ओल्या फडक्याने टिपून घेतात. एका शब्दाने त्या मला बोललेल्या नाहीत. माझ्या लेकीच्या बारशाला पाळणा त्यांच्या घरून आला होता. त्या बोलत नाहीत म्हणूनच मला जास्त लागतं.

आमच्याकडे दोन न्हाणीघरं आहेत. गळती आहे ते मोठं, पॅसेजलगतचं. त्यात शॉवर, गिझर, बेसिन आणि कोपऱ्यात नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाणी जायची जाळीखालची कुंडी. संडास त्यात नाही. २०१९ साली हे न्हाणीघर आम्ही एका कंत्राटदाराकडून नवं करून घेतलं. आतली जुनी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांची) लाइन काढून सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकची टाकली, भिंतीत डायव्हर्टर (पाणी नळाला की शॉवरला हे ठरवणारा कॉक) बसवला, फरशा बदलल्या. तो कंत्राटदार आता फोन घेत नाही.

गेल्या पंधरा दिवसांत तिघांना दाखवलं. पहिला म्हणाला, भिंतीतली लाइन गळते आहे, सगळी फोडून नवी टाकू. दुसरा म्हणाला, लाइन ठीक आहे, नहाणी ट्रॅप गेला आहे. फरशीखालचा कोबा काढून पूर्ण वॉटरप्रूफिंग करावं लागेल, १ लाख ८५ हजार रुपये आणि अठरा दिवस. तिसऱ्याने फरशांच्या फटींमध्ये इपॉक्सी भरायचे ९ हजार सांगितले आणि पाच वर्षांची गॅरंटी दिली. तिघांतला एकच जण खाली जाऊन छत बघून आला, तेही दारातूनच.

एक गोष्ट सांगायची राहिली. गणपतीत आम्ही आठ दिवस गावी होतो. जाताना घराचा मेन कॉक बंद केला होता. आलो तेव्हा काका म्हणाले, पहिले चार-पाच दिवस काही फरक नव्हता, मग ओल कमी व्हायला लागली. यावरून मी लाइनच गळते असं धरून चालले होते. पण मग यजमान म्हणाले, आपण नव्हतो म्हणजे वापरही नव्हता, मग ट्रॅप असला तरी ओल कमी झालीच असती. ते बरोबरच आहे.

माझे प्रश्न असे: लाइन की ड्रेनेज हे न फोडता ओळखता येतं का? सहा वर्षांपूर्वीच केलेलं न्हाणीघर पुन्हा पूर्ण फोडण्याशिवाय खरंच मार्ग नाही का? आणि खालच्या घराचा खर्च कायद्याने कुणाचा? आम्ही तो देणारच आहोत, पण सोसायटीच्या सभेत विषय निघाला आहे म्हणून विचारते.

पाइपवाला_कोरेगाव

ताई, नमस्कार. २६ वर्षं हेच काम करतोय, पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडला. माझं गाव सातारा जिल्ह्यात कोरेगावजवळ. काम शिकलो ते एका ओडिया मिस्त्रीच्या हाताखाली. ते केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडईचे. त्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या प्लंबर देशभर गेलेत, आता तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. त्यांनी मला पहिल्या महिन्यात हातोडी हातात दिली नाही. आधी खालच्या घरी जायचं, छत बघायचं, हात लावायचा, घरातल्या बाईमाणसाला विचारायचं की ओल कधी वाढते. मग वर यायचं. तुमच्याकडे आलेल्या तिघांनी ते केलं नाही, म्हणून तिघांची तीन उत्तरं आली.

तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. कॉक बंद आणि वापरही बंद, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम बंद झाल्या. त्यातून काही कळत नाही. त्या दोन वेगळ्या करायच्या.

पण त्याआधी एक समजून घ्या. १९८७ च्या इमारतीत न्हाणीघराचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली टाकलेला असतो, वीतभर ते फूटभर. त्या खड्ड्यातून सांडपाण्याचे पाइप जातात आणि वर विटांचे तुकडे घालून कोबा केलेला असतो. तो कोबा पाणी धरून ठेवतो. गळती रोज दहा मिनिटांची असली तरी कोबा ते पाणी पिऊन बसतो आणि चोवीस तास खाली सोडत राहतो. म्हणूनच तुम्ही गावी गेल्यावर पहिले चार-पाच दिवस काकांना फरक दिसला नाही. छत कायम ओलं आहे म्हणजे लाइनच गळते, असं म्हणणारा इथेच चुकतो.

आता करायचं ते असं. काकांना सांगून छतावरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पॅसेजमध्येही मारा. मोठ्या न्हाणीघराचा कॉक बंद करा आणि ते वापरणं पूर्ण थांबवा. ओल आटून छत हाताला कोरडं लागेपर्यंत थांबा. आठ दिवस लागतील, पंधराही लागतील. ऊन आहे, तुमच्या बाजूचा महिना आहे. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया.

छत वाळलं की कॉक उघडा, पण आतला एकही नळ वापरू नका. थेंब पडू देऊ नका. तीन दिवस तसंच. कॉकपासून नळांपर्यंतच्या लाइनमध्ये आता रात्रंदिवस दाब आहे. लाइन फुटलेली असेल तर ओल पेन्सिलच्या रेघेकडे चालत येईल. आली तर गुन्हेगार सापडला.

नाही आली तर कॉक पुन्हा बंद करा. नहाणीच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा आणि दुसऱ्या न्हाणीघरातून बादल्या आणून उंबऱ्याच्या आत दोन बोटं पाणी साठवा. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा. एक दिवस, एक रात्र. उडून जाईल तेवढं पाणी कमी होणारच, त्याने घाबरू नका. यात फरशी आणि ट्रॅपची कॉलर, म्हणजे ट्रॅप फरशीला जुळतो ती कड, तपासली जाते. मग फडकं ओढून काढा, सगळं पाणी एकदम जाऊ द्या. बेसिनही काठोकाठ भरून एकदम सोडा. त्यात आतला सांडपाण्याचा पाइप तपासला जातो. पुन्हा दोन दिवस छत बघा.

या सगळ्याला पैसे लागत नाहीत, फक्त पंधरा-वीस दिवस लागतात. काकूंना सगळं समजावून सांगा, त्या छतावर लक्ष ठेवतील. वर बसलेल्या माणसापेक्षा खालचं माणूस लवकर ओळखतं.

इपॉक्सीबद्दल. फरशीच्या फटीतून पाणी जात असेल तर इपॉक्सी चांगलंच काम करतं, मीही भरतो. पण गळती पाइपात असेल तर वरून फटी बुजवून पाणी थांबत नाही, ते दुसरी वाट शोधतं. निदान न करता पाच वर्षांची गॅरंटी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ठाणेकर_सेक्रेटरी

खर्चाच्या प्रश्नापुरतं सांगतो. आमच्या सोसायटीत असे चार विषय झाले. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे जे आदर्श उपविधी आहेत, त्यात पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरचे सामाईक पाण्याचे पाइप आणि सामाईक ड्रेनेज यांची दुरुस्ती संस्थेकडे आहे. घरातल्या न्हाणीघर-सिंकमुळे होणारी गळती त्या त्या सभासदाने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. तुमच्या संस्थेने स्वीकारलेली उपविधींची प्रत कार्यालयातून मागून घ्या आणि त्यातलं कलम वाचा. सभेत त्याच्यावरच बोलता येतं. आणि कारण सापडेपर्यंत कुणालाही ‘चूक आमचीच’ असं लेखी देऊ नका. डक्टमधला, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या पोकळीतला, उभा पाइप गळत असेल तरी ओल याच कोपऱ्यात दिसते. तो संस्थेचा.

तिसऱ्यामजल्यावरून

दादा, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. सांगितलं तसंच केलं. उशिरा लिहिते आहे, कारण छत वाळायलाच अकरा दिवस लागले.

काकांनी स्टुलावर चढून स्वतः रेघ मारली आणि तारखेबरोबर वेळही लिहिली. ते पोस्टात होते, नोंदीची सवय आहे. काकू सकाळ-संध्याकाळ हाताच्या उलट्या बाजूने छत चाचपून बघायच्या. तळहातापेक्षा उलट्या हाताला गारवा लवकर कळतो, असं त्या म्हणाल्या.

कॉक तीन दिवस उघडा ठेवला. ओल नाही. मग नहाणी बुजवून पाणी साठवलं, छत्तीस तास ठेवलं. ओल नाही. फडकं काढून पाणी सोडलं, बेसिन भरून सोडलं, तसं दोन दिवस पुन्हा पुन्हा केलं. ओल नाही. ठाणेकरांनी लिहिल्याप्रमाणे डक्टमध्येही टॉर्च मारून पाहिलं, उभा पाइप कोरडा आहे.

मग आम्ही न्हाणीघर वापरायला लागलो आणि चौथ्या दिवशी पेन्सिलच्या रेघेच्या आत पुन्हा गर्द डाग. आता मला काहीच समजेनासं झालं आहे. लाइन नाही, फरशी नाही, ड्रेनेज नाही, मग पाणी येतं कुठून? काकांनी डागाशेजारी तारीख लिहिली आणि तेही गप्प बसले.

निवृत्त_जेई

मॅडम, तुम्ही सगळ्या चाचण्या मन लावून केल्यात आणि त्यातूनच उत्तर जवळ आलं आहे. एकच तुकडा तपासायचा राहिला.

स्टॉपकॉकपासून डायव्हर्टरपर्यंतच्या पाइपात कायम दाब असतो. पण डायव्हर्टरपासून वर शॉवरच्या दांड्यापर्यंत जो चार फुटांचा पाइप भिंतीत जातो, त्यात एरवी दाबाचं पाणी नसतंच. कुणी शॉवर सोडला तरच त्यात पाणी चढतं. म्हणजे कॉक उघडा ठेवून तीन दिवस थांबलात तेव्हा तो तुकडा कोरडा होता. बादल्यांनी फरशी भरलीत तेव्हाही कोरडा. घरातली माणसं शॉवरखाली अंघोळ करायला लागली आणि ओल परतली. पाणी फरशांच्या मागून भिंतीतून खाली कोब्यात उतरतं आणि कोबा ते साठवतो.

मी पाणीपुरवठ्याच्या कामावर नोकरी केली. तिथेही हाच नियम, जी लाइन कधीतरीच चालते तिची गळती सगळ्यात उशिरा सापडते.

पाइपवाला_कोरेगाव

साहेबांनी अगदी नेमकं सांगितलं. हा तुकडा मी पहिल्याच वेळी लिहायला हवा होता. ताई, तुमचा एक आठवडा वाचला असता, माफ करा.

तो असा तपासा. पुन्हा छत वाळू द्या, या वेळी लवकर वाळेल. शॉवर काढून त्या जागी अर्ध्या इंचाचा डमी (पाइपाचं तोंड बंद करणारं बूच) टेफ्लॉनची टेप लावून बसवा, पंधरा-वीस रुपयांना हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. गिझर बंद ठेवा. मग डायव्हर्टर शॉवरच्या बाजूला उघडून ठेवा. पाणी बाहेर पडणार नाही, फरशी कोरडी राहील, पण त्या चार फुटांत टाकीचा पूर्ण दाब बसेल. रात्री अकरानंतर, टीव्ही-पंखे बंद करून, स्टीलचा पेला उलटा धरून भिंतीला लावा आणि बुडाला कान लावा. फरशी-फरशीने वर सरका. बारीक सूं असा आवाज येईल. जिथे तो सगळ्यात स्पष्ट, तिथे खडूने फुली मारा.

फुलीपाशी दोनच फरशा काढायच्या. मिस्त्री जास्त काढू म्हणाला तर कारण विचारा. आत काय निघेल याचा माझा अंदाज सांगतो. शॉवरचा दांडा जिथे भिंतीत फिरवून बसवतात, त्या एल्बोचे, म्हणजे पाइप वळवणाऱ्या सांध्याचे, आटे पितळी असायला हवेत. पैसे वाचवायला काही लोक तिथे पूर्ण प्लास्टिकचा एल्बो घालतात. त्यात लोखंडी किंवा पितळी दांडा पान्याने आवळला की आट्याच्या तोंडाला केसासारखी चीर जाते. त्या दिवशी कळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी गरम-गार पाण्याने ती वाढते.

नवा एल्बो पितळी आट्याचाच घ्या, सामान स्वतः समोर बघून घ्या. सोल्युशनने जोडलेला सांधा एक दिवस सुकू द्या. त्यानंतर टेस्ट पंप लावून सात किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब भरायला सांगा आणि काटा स्वतः बघा. तुमच्या टाकीचा दाब तिसऱ्या मजल्यावर एक किलोही भरणार नाही, दहा मीटर उंचीला साधारण एक किलो असा हिशोब असतो. त्यामुळे सात किलोवर काटा हलला नाही तर निश्चिंत व्हा. काटा बघितल्याशिवाय फरशी लावू देऊ नका. भिंत उघडी आहे तोवर पट्टी धरून फोटो काढून ठेवा, जमिनीपासून किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती अंतरावर. पुढे कधी टॉवेलची दांडी बसवायला भोक पाडाल तेव्हा त्याचा उपयोग होईल.

डोंबिवली_पूर्व

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्याकडे अजून जुनी जीआयच आहे, टँकरच्या पाण्याने आतून इतकी गंजली आहे की नळाला करंगळीएवढी धार येते. भिंतीत नवी टाकावी की डक्टमधून उघडी? वाचून आता भिंतीत टाकायची भीतीच वाटायला लागली.

पाइपवाला_कोरेगाव

दादा, शक्य तेवढी उघडी टाका. डक्टमधून आणा, घरात शिरेल तिथे युनियन (खोलता येणारा सांधा) आणि कॉक ठेवा, फक्त नळाच्या जागी भिंतीत घ्या. दिसायला थोडं कमी, पण गळालं तर अर्ध्या तासात सापडतं. सीपीव्हीसी उन्हात असेल तर तिला रंग मारायचा, पाण्यात कालवायचा रंग, ऑइलपेंट नाही. बाकी वेगळा धागा काढा, तिथे नीट लिहीन. इथे ताईंचं आधी होऊ दे.

तिसऱ्यामजल्यावरून

सापडलं!

शनिवारी सकाळी डमी लावून डायव्हर्टर उघडा ठेवला. दिवसभर काही नाही. रात्री साडेअकराला यजमानांनी पेला लावला, त्यांना काही ऐकू आलं नाही. मग लेकीने लावला. ती डायव्हर्टरपासून एकेक फरशी वर सरकत गेली, शेवटी स्टुलावर चढली आणि शॉवरच्या दांड्याच्या अगदी खाली थांबली. म्हणाली, आई, इथे कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसा आवाज आहे. मीही ऐकला. इतका बारीक, की दिवसा कुणालाच कधी कळला नसता. रविवारी सकाळी सातला काकूंचा फोन, रेघेच्या आत रुपयाएवढा डाग आला आहे. काकांनी वेळ लिहिलीच होती, ६.४०.

एका जवळच्या मिस्त्रींना बोलावलं आणि हा सगळा धागा वाचून दाखवला. त्यांनी दोन फरशा काढल्या. एल्बो पूर्ण प्लास्टिकचा होता. त्यावर टेफ्लॉन इतका गुंडाळला होता की पांढरी गाठ दिसत होती. त्यांनी तो कापून माझ्या हातात दिला. खिडकीशी नेऊन उजेडात फिरवला तरी चीर दिसेना. बोटाने आट्याचं तोंड किंचित दाबलं तेव्हा ती उघडली, नखाची कड जेमतेम बसेल एवढी. त्या चिरेपायी काकूंनी पाच महिने देवघरातले पोपडे टिपले आणि आम्ही न्हाणीघर फोडायला पावणेदोन लाखांच्या वर घालवायला निघालो होतो.

पितळी आट्याचा एल्बो बसवला, सांधा एक दिवस सुकू दिला, दुसऱ्या दिवशी पंप आणून सात किलो भरले. मी खुर्ची घेऊन काट्यासमोर बसले, दोन तास. हलला नाही. पट्टी धरून फोटोही काढले. माळ्यावर २०१९ च्या चार फरशा उरलेल्या होत्या, त्यातल्याच दोन लागल्या. सामान आणि मजुरी मिळून ३,०५० रुपये झाले.

उपविधींची प्रत मागून वाचली. ठाणेकर म्हणाले तसंच आहे, आतली गळती आमची. काका-काकूंच्या छताचं काम आम्ही करून देतो आहोत. काका आधी नको म्हणत होते. काकू म्हणाल्या, करू दे तिला, तिच्या मनाला बरं वाटेल.

दादा आणि साहेब, एवढं शेवटचं सांगा. छताला रंग कधी द्यायचा? आणि न्हाणीघरात एका जागी पोपड्याबरोबर थोडं प्लास्टरही पडलं आहे, तिथे काय करावं?

निवृत्त_जेई

प्लास्टर पडलं आहे तिथे आत सळई दिसते का, आधी तेवढं बघा. दिसत असेल आणि तिच्यावर तांबडा गंज असेल तर नुसतं पुट्टी-रंग करू नका. सळईमागचं सैल काँक्रीट काढून, गंज तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरून घ्या. सळई दिसत नसेल तर साधं प्लास्टर पुरेल.

पाइपवाला_कोरेगाव

ताई, रंगाला महिनाभर तरी थांबा. कोबा अजून आतून ओला आहे, वरून कोरडा वाटला तरी. काकूंना सांगा, त्यांच्या उलट्या हाताला सलग पंधरा दिवस गारवा लागला नाही की मगच पुट्टी. आणि तोवर काकांची पेन्सिलची रेघ पुसू नका.